लंडी बेटाचा ‘पफिन’: मालकाने पाडलेले नाणे कायद्यात का अडकले

ब्रिस्टलच्या खाडीत, डेव्हनच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर लंडी नावाचे ग्रॅनाइटचे बेट आहे. लांबी पाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम एक. मार्टिन कोल्स हर्मन या लंडनच्या अर्थव्यावसायिकाने ते १९२५ मध्ये विकत घेतले. तेव्हा तिथे राहणारी माणसे सुमारे चाळीस होती. १९२९ मध्ये हर्मन यांनी बेटासाठी ब्राँझची दोन नाणी पाडून घेतली, ‘वन पफिन’ आणि ‘हाफ पफिन’, प्रत्येकी पन्नास हजार. १९३० मध्ये त्यांच्यावर खटला भरला गेला आणि पाच पौंड दंड झाला. १९३१ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

‘हर्मन विरुद्ध बोल्ट’ या नावाने कायद्याच्या अहवालांत नोंदले गेलेले हे प्रकरण रकमेने क्षुल्लक आहे. पण छोट्या भूभागाने स्वतःचे नाणे काढायचे ठरवले की जे जे प्रश्न उभे राहतात, ते जवळजवळ सगळे यात एका जागी सापडतात. नाणे आणि पदक यांतली रेघ कुठे आखायची? जमिनीची मालकी कुठे संपते आणि राज्याचा अधिकार कुठे सुरू होतो? डाक तिकीट चालते, मग नाणे का चालत नाही? आज कोणी छोट्या प्रदेशासाठी स्मारक नाणे काढण्याचा सल्ला मागितला, तर सुरुवात याच प्रकरणापासून करावी.

नाणी कशी होती

बर्मिंगहॅमच्या खासगी टाकसाळीत ती पाडली गेली. एका बाजूला हर्मन यांचा चेहरा, त्यांचे नाव आणि १९२९ हे साल. दुसऱ्या बाजूला पफिन, म्हणजे रंगीत, जाड चोचीचा समुद्रपक्षी, ज्याच्यासाठी हे बेट ओळखले जाते. मोठ्या नाण्यावर अख्खा उभा पक्षी होता, लहान नाण्यावर फक्त त्याचे डोके. कडेवर कोरलेली इंग्रजी ओळ सांगत होती की लंडी प्रकाश देते आणि वाट दाखवते. पेनी, शिलिंग, पौंड यांपैकी एकही शब्द नाण्यावर नव्हता. राजाची प्रतिमाही नव्हती.

आकार ब्रिटिश पेनी आणि हाफपेनीच्या जवळचा होता आणि व्यवहारही त्याच दराने चालत असे: एक पफिन म्हणजे एक पेनी, अर्धा पफिन म्हणजे अर्धी पेनी. बेटावर दुकान होते आणि मॅरिस्को टॅव्हर्न नावाचे मद्यालय होते. तिथे ही नाणी घेतली जात, सुटे म्हणून परतही दिली जात.

आता रकमेचा हिशेब पाहू. त्या काळी पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स होत. पन्नास हजार पफिन म्हणजे २०८ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. पन्नास हजार अर्धे पफिन म्हणजे १०४ पौंड, ३ शिलिंग, ४ पेन्स. दोन्ही मिळून दर्शनी मूल्य ३१२ पौंड १० शिलिंग. चाळीस माणसांच्या वस्तीला हे माणशी अडीच हजार नाणी पडतात. इतकी नाणी बेटाच्या गल्ल्याला कधीच लागणार नव्हती. यातली बरीचशी प्रवाशांच्या खिशातून मुख्य भूमीवर जाणार आणि तिथेच आठवणीची वस्तू म्हणून राहणार, हे उघड होते. परत न आलेले प्रत्येक नाणे म्हणजे दर्शनी मूल्य वजा पाडण्याचा खर्च, इतका निव्वळ नफा. हा नफा राज्याचा असतो, अशी सगळ्या आधुनिक नाणेकायद्यांची धारणा आहे. खटल्याची मुळे तिथेच आहेत.

कायद्यात नेमके काय होते

लागू झाला तो १८७० चा ब्रिटिश नाणे कायदा. त्याचे पाचवे कलम छोटे आहे आणि शब्दांत फार काटेकोर आहे. आशय असा: सोने, चांदी, तांबे, ब्राँझ किंवा कोणताही धातू अथवा मिश्रधातू, त्याची किंमत काहीही असो, त्याचा तुकडा सरकारी टाकसाळीखेरीज कोणीही नाणे म्हणून, पैशाऐवजी चालणारा बिल्ला म्हणून, किंवा त्यावर लिहिलेले मूल्य मागण्याचा धारकाला हक्क आहे असे भासवून बनवू नये वा वितरित करू नये. उल्लंघनाला जास्तीत जास्त वीस पौंड दंड.

या कलमात काय नाही, हे आधी पाहावे. खऱ्या नाण्याशी साम्य असावे अशी अट यात नाही. फसवणुकीचा हेतू लागत नाही. नुकसान झालेला माणूस दाखवावा लागत नाही. बनावट नाण्यांसाठी इंग्लंडमध्ये वेगळा, कितीतरी कडक कायदा होता आणि त्याच्या शिक्षा तुरुंगवासाच्या होत्या. हर्मन यांच्यावर तो आरोप कधीच नव्हता. त्यांनी कोणालाही फसवले नाही, हे सगळ्यांना मान्य होते. पाचव्या कलमापुढे त्याचा उपयोग नव्हता, कारण ते कलम फसवणूक रोखण्यासाठी लिहिलेलेच नाही. पैसा काढण्याचा अधिकार एकाच हातात राहावा, यासाठी ते आहे.

याला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये सरकारी तांब्याच्या नाण्यांची एवढी टंचाई झाली की १७८७ पासून खाणमालक, कारखानदार, दुकानदार यांनी स्वतःचे तांब्याचे बिल्ले पाडायला सुरुवात केली. वेल्समधल्या पॅरिस खाण कंपनीचे बिल्ले त्यात सर्वांत प्रसिद्ध. मजुरी त्यातच दिली जाई आणि दुकानदार ते घेत. पुढे १८११ नंतर चांदीच्या टंचाईत पुन्हा लाट आली. काढणारा बुडाला की त्याचे बिल्ले हातात धरून बसलेला मजूरही बुडे. १८१७ मध्ये संसदेने खासगी बिल्ल्यांवर बंदी घातली. १८७० चे पाचवे कलम त्याच अनुभवाचा वारसा आहे. म्हणून त्यात ‘बनवणे’ आणि ‘वितरित करणे’ अशी दोन्ही कृत्ये आहेत आणि ‘पैशाऐवजी चालणारा बिल्ला’ हा शब्दप्रयोग मुद्दाम आहे.

‘पफिन हे पेनी नव्हेच’ हा बचाव का टिकत नाही

पहिल्या नजरेत हा बचाव जोरदार वाटतो. नाण्यावर ब्रिटिश एककच नाही. पफिन हे कोणत्याही देशाचे चलन नाही. मग पैशाची नक्कल कुठे झाली?

कलमाचे तीन पर्याय स्वतंत्र आहेत, हे इथे विसरले जाते. ‘मूल्य मागण्याचा हक्क’ हा तिसरा पर्याय आहे. तो सिद्ध झाला नाही तरी ‘पैशाऐवजी चालणारा बिल्ला’ हा दुसरा पर्याय पुरतो. आणि बिल्ला आहे की नाही, हे ठरवताना त्यावरची अक्षरे हा फक्त एक पुरावा असतो. खरा पुरावा गल्ल्यावर मिळतो. मद्यालयात एक पेनीच्या ठिकाणी एक पफिन घेतला जातो, पेनीच्या सुट्याऐवजी पफिन परत दिला जातो, आणि हा दर ठरलेला आहे. एवढे दिसले की धातूचा तो तुकडा पैशाचे काम करतो हे सिद्ध झाले.

आजही सल्ला देताना सर्वाधिक चुका इथेच होतात. आरेखन तयार करणारे लोक समजतात की नवे, काल्पनिक एकक वापरले की सुटका झाली. प्रत्यक्षात काल्पनिक एकक आणि ठरलेला विनिमय दर एकत्र आले की धोका वाढतो, कारण एकक हे आकड्यासह छापलेले मूल्य असते आणि दर त्याला खऱ्या चलनाशी जोडतो. याउलट, अंक नाही, एकक नाही, आणि काढणारा ते कोणत्याही वस्तूच्या मोबदल्यात परत घेत नाही, अशी ब्राँझची चकती फक्त पदक ठरते. हर्मन यांनी हाच पक्षी, हाच चेहरा, हीच कडेवरची ओळ ठेवून अंक आणि ‘पफिन’ हे एकक वगळले असते आणि दुकानात त्या चकत्या स्वीकारल्या नसत्या, तर पाचवे कलम लावणे फार अवघड गेले असते.

बेट कोणाचे?

हर्मन यांच्या बाजूचा खरा गंभीर मुद्दा दुसराच होता: हा कायदा लंडीवर लागूच होत नाही.

तो हवेतला मुद्दा नव्हता. १८७० चा कायदा ब्रिटिश साम्राज्यातल्या, पण युनायटेड किंगडमच्या बाहेरच्या प्रदेशांना आपोआप लागू होत नसे. तिथे लागू करायचा तर खास उद्घोषणा लागे. म्हणजे लंडीचे स्थान, युनायटेड किंगडमचा भाग नसलेल्या मॅन बेट किंवा चॅनल बेटांसारखे आहे असे ठरले असते, तर खटल्याचा पायाच निसटला असता. आणि लंडीवरचे दैनंदिन जीवन तसे ठरवायला पोषक दिसे. स्थानिक कर तिथे वसूल होत नव्हते. मद्यालय उघडण्या-बंद करण्याच्या मुख्य भूमीच्या वेळा कोणी पाळायला लावत नव्हते. टपाल खाते १९२७ च्या अखेरीस बेट सोडून गेले होते. राज्यसंस्थेची रोजची खूण बेटावर जवळपास उरली नव्हती. आपण राजाला मानतो, पण बेटाचा कारभार आपला आहे, अशी हर्मन यांची भूमिका होती.

बिडेफोर्डच्या दंडाधिकाऱ्यांनी हे मानले नाही. पाच पौंड दंड आणि पंधरा गिनी खर्च, असा आदेश झाला. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा खर्चच १५ पौंड १५ शिलिंग. एकूण २० पौंड १५ शिलिंग. दंडापेक्षा खर्च तिप्पट. अपील उच्च न्यायालयाच्या किंग्ज बेंच विभागात गेले आणि १९३१ मध्ये फेटाळले गेले. हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले असे नाणेसंग्राहकांच्या लिखाणात वारंवार आढळते. ते चूक आहे. प्रकरण उद्धृत करताना हा फरक पाळला पाहिजे, कारण निकालाचे वजन न्यायालयावर ठरते.

निकालाचा गाभा: लंडी इंग्लंडचा, डेव्हन परगण्याचा भाग आहे, तेव्हा तिथल्या दंडाधिकाऱ्यांना अधिकार आहे आणि कायदा लागू आहे. इतिहास पाहिला तर यात आश्चर्य नाही. १२४२ मध्ये लंडीवर ठाण मांडून बसलेल्या विल्यम डी मॅरिस्कोला राजद्रोहाबद्दल देहदंड झाला आणि त्यानंतर तिसऱ्या हेन्रीने बेटावर किल्ला बांधवला. म्हणजे राजसत्तेने बेटावर आपला हक्क सातशे वर्षांपूर्वीच ठासून बजावला होता. त्यानंतर बेटाची मालकी अनेकदा बदलली. अधिकारक्षेत्र बदलले नाही.

यातून दोन सूत्रे निघतात आणि छोट्या भूभागाच्या प्रत्येक प्रकरणात ती लावून पाहावीत.

पहिले, खरेदीखताने जमीन मिळते, राज्य मिळत नाही. संपूर्ण बेट एका माणसाच्या नावावर असले तरी तो कायद्याच्या दृष्टीने मोठा जमीनदारच.

दुसरे, कायदा राबवला गेला नाही म्हणून तो संपत नाही. इंग्लंडच्या कायद्यात वापराअभावी कायदा रद्द होत नाही. कर वसूल न होणे, पोलीस चौकी नसणे ही प्रशासनाची सोय किंवा हेळसांड असू शकते. अधिकार सोडून दिल्याचा तो पुरावा नव्हे. लंडीच्या बाबतीत हे पुढे स्पष्टच झाले. १९७४ च्या स्थानिक प्रशासन फेररचनेत बेट डेव्हनमधल्या टॉरिज जिल्ह्याच्या कारभारात घेतले गेले.

अंतराचा मुद्दाही इथेच निकाली काढायला हवा. तेव्हा ब्रिटनचा सागरी पट्टा तीन सागरी मैलांचा होता आणि लंडी त्याच्या बरेच बाहेर होते. पण किनाऱ्यापासूनचे अंतर समुद्राच्या पाण्याला आणि त्यात उभारलेल्या बांधकामांना लागू होते, देशाच्या मालकीच्या बेटाला नाही. बेटाला तर स्वतःचा सागरी पट्टा असतो. स्वतःला स्वतंत्र राष्ट्र म्हणवणाऱ्या सीलँडशी तुलना केल्यास फरक कळतो. सफोकच्या किनाऱ्यासमोरचा तो महायुद्धातला समुद्री बुरूज तीन मैलांच्या बाहेर असल्याने १९६८ मध्ये तिथल्या गोळीबाराच्या प्रकरणात इंग्लिश न्यायालयाने अधिकार नसल्याचे म्हटले. १९८७ मध्ये ब्रिटनने पट्टा बारा मैलांचा केला. सीलँडनेही १९७० च्या दशकात स्वतःची नाणी काढली. त्यांना कोणत्याही देशाची मान्यता नाही, पण त्याची कारणे लंडीपेक्षा निराळी आहेत. दोन्ही उदाहरणे एकाच श्रेणीत टाकणे ही सल्लागारांची नेहमीची गफलत.

तिकिटे मात्र राहिली

हर्मन यांनी नाण्यांच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९२९ रोजी पफिनच्याच एककात डाक तिकिटे काढली: अर्धा पफिन आणि एक पफिन. तीच व्यक्ती, तेच एकक, तोच पक्षी. नाण्यावर खटला झाला, तिकिटे आजही निघतात. का?

कलम धातूच्या तुकड्यापुरते आहे आणि तिकीट कागदाचे आहे, हे वरवरचे उत्तर झाले. ते खरे आहे, पण अपुरे. कागदावर ‘धारकाला मागणी करताच एक पफिन देऊ’ असे छापले असते, तर नोटांचा कायदा पुढे आला असता. १८४४ च्या बँक चार्टर कायद्याने इंग्लंडमध्ये नव्याने नोटा काढण्याची वाट आधीच बंद केली होती.

खरा फरक असा की तिकीट सेवेचा मोबदला आहे. टपाल खात्याने बेटाची सेवा सोडल्यावर पत्र बोटीने मुख्य भूमीपर्यंत पोचवण्याचे काम हर्मन करत होते. त्या वाहतुकीची पावती म्हणजे लंडीचे तिकीट. पुढच्या प्रवासासाठी ब्रिटिश तिकीट वेगळे लावावे लागे. लंडीच्या तिकिटाने राज्याच्या तिकिटाची जागा घेतली नाही, ते त्याच्या जोडीला आले. एकदा वापरले की ते संपते, हातोहात फिरत नाही. नाणे फिरते, आणि फिरणे हाच पैशाचा गुण आहे. म्हणून सल्ला मागणाऱ्याला आम्ही आधी विचारतो: ही वस्तू पहिल्या व्यवहारानंतर तिसऱ्या माणसाकडे जाणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर ती पैशाच्या कायद्याखाली येण्याची शक्यता धरूनच पुढे जावे.

लोकसंख्येचा काही संबंध नाही

चाळीस माणसांच्या बेटाला नाणे कशाला, असा प्रश्न लोक विचारतात, जणू लंडी लहान होते म्हणून हरले. पिटकेर्नकडे पाहावे. प्रशांत महासागरातल्या या ब्रिटिश प्रदेशाची लोकसंख्या पन्नासच्या आसपास. व्यवहारात तिथे न्यूझीलंडचा डॉलर चालतो. तरी १९८८ मध्ये, १८३८ च्या राज्यघटनेला दीडशे वर्षे झाली म्हणून पिटकेर्नच्या नावाने स्मारक नाणी निघाली आणि ती पूर्ण कायदेशीर आहेत. कारण पिटकेर्न हा स्वतंत्र कायदेव्यवस्था असलेला परदेशस्थ प्रदेश आहे. तिथे गव्हर्नर अध्यादेश काढू शकतो, दर्शनी मूल्य कायद्याने ठरू शकते आणि राजाच्या वा राणीच्या प्रतिमेसाठी लंडनमार्गे संमती घेता येते.

मॅन बेटाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथे टिनवाल्ड ही स्वतःची संसद आहे. १७६५ च्या हस्तांतरण कायद्याच्या द्विशताब्दीनिमित्त मॅन बेटाने १९६५ मध्ये सोन्याची स्मारक नाणी काढली आणि पुढे नियमित चलनही. त्याच १९६५ साली लंडीवरही, हर्मन यांच्या खरेदीला चाळीस वर्षे झाली म्हणून, पफिन आणि अर्ध्या पफिनचा चार नाण्यांचा संच निघाला, त्यातले काही सोन्यात. मॅनचे नाणे नाणे आहे. लंडीचा १९६५ चा संच संग्राहकांच्या याद्यांमध्ये ‘काल्पनिक नाणी’ या सदरात जातो. तो चलनासाठी नव्हता, संग्राहकांसाठी होता, आणि म्हणूनच १९२९ च्या वाटेने गेला नाही. दोन बेटे, एकच साल, एकच धातू. फरक फक्त कायदा करणाऱ्या संस्थेचा.

आज अशी मागणी आली तर काम कसे करावे

सुरुवात नकाशापासून नको, घटनात्मक दर्जापासून करावी. हा भूभाग मूळ देशाचा भाग आहे, अवलंबी प्रदेश आहे की सार्वभौम राज्य? या एका उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून. भाग असेल तर मूळ देशाचा नाणे कायदा थेट लागतो. ब्रिटनमध्ये आज तो १९७१ चा आहे आणि त्याच्या नवव्या कलमात जुन्या पाचव्या कलमाचीच बंदी आहे. अवलंबी प्रदेश असेल तर स्थानिक चलन अध्यादेश शोधावा आणि त्यात स्मारक नाण्याची तरतूद आहे का, की प्रत्येक नाण्यासाठी नवा आदेश लागतो, हे पाहावे.

दुसरी पायरी टाकसाळीशी करार. प्रतिष्ठित टाकसाळी काढणाऱ्या सरकारचे लेखी अधिकारपत्र मागतात, आणि बरोबरच करतात, कारण पाडणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो. करारात धातू आणि शुद्धता, वजन आणि व्यास व त्यांची मान्य तफावत, कमाल संख्या, साचे नष्ट करण्याची जबाबदारी आणि प्रदेशाला मिळणारा हिस्सा स्पष्ट लिहावा. एक कलम हमखास विसरले जाते: परतफेड. विधिग्राह्य, म्हणजे कायद्याने पैसा म्हणून मान्य असलेले नाणे उद्या दर्शनी मूल्याला परत आले तर पैसे कोण देणार? चांदीचे नाणे संग्राहकाला दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किमतीत विकले जाते तेव्हा कोणी परत करणार नाही असे वाटते. पण चांदीचा भाव पडला, किंवा दर्शनी मूल्य हौसेने मोठे ठेवले, तर गठ्ठेच्या गठ्ठे परत येऊ शकतात. पन्नास माणसांच्या प्रदेशाच्या तिजोरीला ते पेलणार नाही. म्हणून दर्शनी मूल्य नेहमी धातूच्या किमतीपेक्षा बरेच खाली ठेवावे आणि परतफेडीचा भार टाकसाळीने उचलावा असे करारात लिहून घ्यावे.

तिसरी पायरी क्रमाची आहे. आधी आदेश, मग जाहिरात, मग विक्री. उलट क्रमाने गेल्यास आदेश निघेपर्यंत विकलेला माल ‘अधिकाराविना वितरित’ ठरतो. नंतर आदेश पूर्वलक्षी करता येईल या भरवशावर राहू नये.

नाणे कुठे विकले जाणार, त्या देशाचा नियमही तपासावा लागतो. युरोपीय संघात २००४ च्या नियमाने युरोसारख्या दिसणाऱ्या पदकांवर आणि बिल्ल्यांवर बंदी आहे. दर्शनी मूल्यासह ‘युरो’ हा शब्द वा त्याचे चिन्ह चालत नाही. व्यास १९ ते २८ मिलिमीटरच्या दरम्यान आणि कडेची जाडी व्यासाच्या ७ ते १२ टक्के असेल तर आकारावरूनच तो तुकडा पकडला जातो. मध्यभागी ६ मिलिमीटरहून मोठे भोक असेल तर आकाराच्या या अटीतून सूट मिळते. इथला विचार १८७० च्या ब्रिटिश कायद्यापेक्षा वेगळा आहे: यंत्र आणि माणूस फसू नये, हा त्याचा रोख. त्यामुळे ब्रिटनमध्ये निर्धोक ठरलेले, अंक नसलेले पदक युरोपात फक्त व्यासामुळे अडकू शकते. व्यास ३० मिलिमीटरच्या वर ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो आरेखनाच्या दिवशीच करता येतो; साचा झाल्यावर नाही.

सार्वभौम छोट्या राज्यांचीही मोकळीक मर्यादित असते. व्हॅटिकन, सान मारिनो आणि मोनॅको युरो नाणी काढतात ती संघाशी झालेल्या चलन करारांखाली, ठरलेल्या वार्षिक मर्यादेत.

आपल्याकडे हाच प्रश्न

ब्रिटिश हिंदुस्थानात धातूच्या खासगी बिल्ल्यांवर १८८९ चा स्वतंत्र कायदा होता. २०११ च्या नाणे कायद्याने तो रद्द केला, पण पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे बनवण्यावरची बंदी नव्या कायद्यात कायम ठेवली. याच कायद्यानुसार नाण्याचे दर्शनी मूल्य एक हजार रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि स्मारक नाणे निघते ते केंद्र सरकारच्या राजपत्रातल्या अधिसूचनेनेच. मुंबईसारखी सरकारी टाकसाळ ते पाडते, पण काढणारी ती नव्हे. कागदी रोख्यांसाठी रिझर्व्ह बँक कायद्याचे ३१ वे कलम आहे, ते धारकाला देय अशा खासगी चिठ्ठ्यांना मज्जाव करते.

म्हणून एखाद्या देवस्थानाने, संस्थेने किंवा गावाने शताब्दीनिमित्त चांदीचे नाणे पाडायचे ठरवले, तर पफिनचाच धडा लावावा. सराफाकडे मिळणारे लक्ष्मी-गणपतीचे चांदीचे नाणे निर्धोक असते, कारण त्यावर वजन आणि शुद्धता लिहिलेली असते, रुपयांचा आकडा नसतो. ‘१० ग्रॅम’ चालते. ‘१०० रुपये’ किंवा रुपयाचे चिन्ह छापू नये. अशोकस्तंभ छापू नये. राष्ट्रीय चिन्हाच्या वापरावर वेगळा कायदा आहे. आणि यात्रेच्या आवारातल्या स्टॉलांवर तेच बिल्ले पैशाऐवजी घ्यायचे ठरवले, तर आकडा छापला नसला तरी ते बिल्ले पैशाचे काम करू लागतात. सोयीसाठी बिल्ले हवेच असतील तर कागदी कुपन काढावे, त्यावर वस्तूचे नाव लिहावे आणि वापरताच ते फाडावे.

नंतर

नाणी चलनातून गेली आणि संग्राहकांकडे राहिली. आज ती दर्शनी मूल्याच्या कितीतरी पटीने विकली जातात. हर्मन यांचा मुलगा जॉन १९४४ च्या एप्रिलमध्ये कोहिमाच्या लढाईत मारला गेला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च युद्धशौर्यपदक मिळाले. नागालँडमधल्या त्या रणभूमीशी लंडीचे नाते त्याच्या नावाने जोडलेले आहे. मार्टिन हर्मन १९५४ मध्ये वारले. १९६९ मध्ये दानशूर उद्योजक जॅक हेवर्ड यांनी दिलेल्या दीड लाख पौंडांतून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने बेट घेतले आणि लँडमार्क ट्रस्ट या दुसऱ्या संस्थेकडे चालवायला दिले. बेटावरच्या टपालाला आजही पफिनच्या एककातली तिकिटे लागतात. मद्यालयात मात्र पौंड आणि पेन्सच चालतात.